चौतीस रुपयांचं ताट आणि काटकसरीचं प्रवचन



जून-जुलै आला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. शेतात पेरणी आणि मंचावर प्रवचन. झरी जामणी, मारेगाव, घाटंजी, आर्णी, महागाव इकडची आपली मुलं-मुली निकाल हातात घेऊन यवतमाळला खोली शोधायला येतात. त्याच आठवड्यात कुठल्या तरी सभागृहात गुणवंतांचा सत्कार असतो. शाल, गुलाबपुष्प, भारताचं संविधान हाती दिलं जातं. मग मंचावरचे एखादे साहेब माईक धरून सांगतात, "मुलांनो, बाबासाहेब लंडनमध्ये पावाच्या तुकड्यावर राहिले. तुम्हाला तर सगळं मिळतं. मोबाईल कमी करा, चहा सोडा, काटकसर करा."

टाळ्या पडतात. साहेब चारचाकीत बसून घरी जातात आणि ती मुलं दहा बाय दहाच्या खोलीत परत जातात.

या प्रवचनाला आता कुणीतरी उत्तर द्यायला पाहिजे. माझं म्हणणं सरळ आहे. एकट्यानं शहरात राहून शिकणाऱ्या आपल्या मुलांचा प्रश्न उधळपट्टीचा नाही. त्यांच्या हातात पडणारी रक्कम मुळातच जगण्याच्या खर्चापेक्षा कमी ठरवलेली आहे आणि ती वर्षानुवर्षं गोठवून ठेवलेली आहे. अशा वेळी काटकसरीचा उपदेश करणं म्हणजे ज्यानं कमी दिलं त्याला सोडून ज्याला कमी मिळालं त्याच्यावर ठपका ठेवणं. हे मी भावनेनं म्हणत नाही, हिशेबानं म्हणते. तो हिशेब तुम्हीही वहीवर मांडून बघा.

आधी स्वाधारचा हिशेब

शासकीय वसतिगृहात जागा मर्यादित. ज्यांचा नंबर लागत नाही त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून 'भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना' सुरू झाली. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, इतर महानगरपालिकांच्या ठिकाणी ५१,००० आणि यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. या ४३,००० ची फोड अशी आहे. भोजन २५,०००, निवास १२,०००, निर्वाह ६,०००. पुस्तकं-साहित्यासाठी थोडी रक्कम वेगळी मिळते, ती प्रवेशाच्या पहिल्या महिन्यातच संपते.

आता भागाकार करू. निवासाचे १२,००० म्हणजे महिन्याला १,००० रुपये. निर्वाहाचे ६,००० म्हणजे महिन्याला ५००. यात साबण, तेल, रिचार्ज, झेरॉक्स, गावी जायचं एसटीचं भाडं, ताप आला तर गोळी आणि मुलींचे सॅनिटरी पॅड. भोजनाचे २५,००० भागिले ३६५ म्हणजे दिवसाला साडेअडुसष्ट रुपये. दोन वेळचं जेवण धरलं तर एका वेळेला चौतीस रुपये. चहा-पोहे धरलेच नाहीत, म्हणजे सकाळी काही खायचं नाही असं गृहीत आहे.

माझ्या कामाच्या ओळखीतून भेटलेल्या एका मुलीनं तिच्या खर्चाची वही मला दाखवली. बीएस्सीला आहे, घरी कोरडवाहू दोन एकर आणि आई-बापाची मजुरी. तिचा एका महिन्याचा हिशेब जसाच्या तसा देते. खोलीतला वाटा १,२००. वीज १५०. एक वेळचा डबा १,६००. चहा-पोहे ३००. रिचार्ज ३००. गावी जाणं-येणं २००, तेही एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे म्हणून. अभ्यासिका ५००. झेरॉक्स, फॉर्म, प्रिंट २००. साबण, तेल, पॅड २५०. औषध १००. बेरीज ४,८००.

तिला मंजूर असलेली रक्कम महिन्याला पडते ३,५८३ रुपये. तूट १,२१७. आणि बघा, या वहीत डबा एकाच वेळचा आहे. रात्री ती गावाहून आणलेल्या तांदळाचा भात शिजवते आणि त्यावर तिखट-मीठ-तेल घालून खाते. सिनेमा नाही, नवीन कपडा नाही, हॉटेल नाही. साहेब, यातून कापायचं काय ते तुम्हीच सांगा. अभ्यासिका कापली तर अभ्यास जातो, रिचार्ज कापला तर कॉलेजची सूचना, स्कॉलरशिपचा ओटीपी आणि फॉर्मची तारीख जाते. राहता राहिलं जेवण. म्हणून आपली मुलं जेवण कापतात. "मला सकाळी भूकच नसते" हे वाक्य मी इतक्या मुलींच्या तोंडून ऐकलं आहे की ते ऐकलं की आता मला त्यांच्या पाकिटात किती पैसे उरले असतील ते समजतं.

सरकारलाच विचारा, ताट कितीला पडतं

"चौतीस रुपयांत जेवण होत नाही हे तुम्ही कशावरून म्हणता?" असं कुणी विचारेल. मी खासगी खानावळीचा दर सांगणार नाही. सरकारचाच दर सांगते.

२६ जानेवारी २०२० ला महाराष्ट्र शासनानं शिवभोजन थाळी सुरू केली. दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात. खाणाऱ्याकडून १० रुपये घ्यायचे आणि बाकीचं अनुदान सरकारनं केंद्रचालकाला द्यायचं. त्या वेळी सरकारनं थाळीची किंमत धरली शहरी भागात ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५ रुपये. म्हणजे २०२० साली सरकारच्याच कागदावर शहरातलं सगळ्यात साधं ताट ५० रुपयांचं होतं. दोन वेळचे १००, वर्षाचे ३६,५००. आणि त्याच सरकारच्या दुसऱ्या कागदावर आपल्या विद्यार्थ्याच्या वर्षाच्या जेवणाला २५,०००. एका खात्याचं ताट पन्नासचं, दुसऱ्या खात्याचं चौतीसचं. खेड्यातल्या थाळीला धरलेल्या पस्तीसपेक्षाही ते एक रुपयानं कमी.

दुसरा दाखला आपल्या आदिवासी भावंडांचा. २०१८ साली आदिवासी विकास विभागानं वसतिगृहातल्या खानावळी बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात टाकायचं ठरवलं. जिल्ह्याच्या ठिकाणी दरमहा ३,००० रुपये. वर्षाचे झाले ३६,०००. ही रक्कम आणि ही पद्धत दोन्ही मुलांना मान्य नव्हती. त्याच वर्षी जुलैमध्ये ती पुण्याहून नाशिककडे पायी निघाली, पोलिसांनी त्यांना सिन्नर तालुक्यात अडवलं. त्यांची मागणी होती, आम्हाला खात्यात पैसे नको, खानावळ द्या. त्या मागणीतलं शहाणपण पुढे सांगते.

तिसरा दाखला सगळ्यात बोलका आहे. सातवा वेतन आयोग लागू झाला १ जानेवारी २०१६ पासून, तेव्हा महागाई भत्ता शून्यावर आला. नंतर दर सहा महिन्यांनी महागाई मोजून तो वाढत गेला आणि जानेवारी २०२४ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांचा भत्ता ५० टक्के झाला. राज्य सरकारही मागोमाग तोच दर देतं. कर्मचाऱ्यांना तो मिळालाच पाहिजे, माझं त्यावर काहीच म्हणणं नाही. पण याचा अर्थ काय होतो? २०१६ ते २०२४ या काळात जगणं दीडपट महाग झालं हे सरकारनं स्वतः मोजलं आणि मान्य केलं. मग जवळपास तेव्हाच सुरू झालेल्या स्वाधारचे ४३,००० अजून ४३,०००च कसे? अर्ज तपासणाऱ्याला महागाई लागते आणि अर्ज करणाऱ्याला लागत नाही, असं कुठल्या अर्थशास्त्रात लिहिलं आहे?

५० टक्के वाढ धरली तर ४३,००० चे ६४,५०० होतात. त्यात भोजनाचे २५,००० चे ३७,५००. आता तिन्ही आकडे शेजारी ठेवा. थाळीच्या हिशेबानं ३६,५००, आदिवासी विभागाच्या हिशेबानं ३६,०००, महागाई भत्त्याच्या हिशेबानं ३७,५००. तीन वेगळ्या वाटांनी गेलो तरी आपण एकाच ठिकाणी पोचतो. २५,००० च्या जवळपास यातला एकही जात नाही. आणि ६४,५०० भागिले बारा म्हणजे ५,३७५. त्या मुलीच्या वहीतली ४,८०० ची बेरीज त्यात बसते आणि रात्रीच्या भाताबरोबर वरण-भाजी करायलाही थोडे उरतात. म्हणजे तिची वही बरोबर होती. चूक होती ती तिला दिलेल्या रकमेची.

दादाभाई नौरोजींनी एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना असंच पकडलं होतं. हिंदी माणसाचं दरडोई उत्पन्न त्यांनी वर्षाला वीस रुपये काढलं आणि तुरुंगातल्या कैद्याच्या अन्न-वस्त्रावर सरकार स्वतः किती खर्च करतं ते सरकारच्याच अहवालातून शेजारी मांडलं. मोकळ्या माणसापेक्षा कैद्याचा खर्च जास्त निघाला. आपल्यालाही तेच करायचं आहे. गाऱ्हाणं मांडताना सरकारचा कागद सरकारपुढे ठेवायचा.

एकट्याला जगणं महाग पडतं, आणि जातीनं आणखी महाग पडतं

घरच्या पाच माणसांचा खर्च भागिले पाच म्हणजे एकट्याचा खर्च, असं ज्यांना वाटतं ते कधी एकटे राहिलेले नसतात. घरी चूल एक, दिवा एक, छप्पर एक आणि खाणारे पाच. एकट्याला चूल, दिवा, छप्पर सगळं अख्खं लागतं. तेलाची पाव लिटरची पिशवी लिटरच्या हिशेबानं महाग पडते. घरगुती गॅसचं कनेक्शन भाड्याच्या खोलीवर सहसा होत नाही. पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो, पण घरगुती दरानं नाही, म्हणून किलोमागे जास्त पैसे जातात. महावितरणचा सगळ्यात स्वस्त दर पहिल्या शंभर युनिटांना. पण एका मीटरवर पाच खोल्या असल्या की मीटर वरच्या दरात जातो आणि घरमालक त्याच दरानं, कधी वर दोन रुपये लावून वसूल करतो. ज्याच्याकडे कमी आहे तो प्रत्येक वस्तूला जास्त मोजतो. हे समाजशास्त्राच्या पुस्तकात नंतर वाचलं, यवतमाळच्या खोल्यांत आधी पाहिलं.

२०२२-२३ च्या केंद्र सरकारच्या घरगुती खर्च सर्वेक्षणात देशाच्या शहरी भागातला सरासरी मासिक खर्च माणशी ६,४५९ रुपये निघाला. त्यात घरातली लहान लेकरंही मोजलेली आहेत आणि स्वतःच्या घरात राहणारी, भाडं न देणारी माणसंही. आपल्या विद्यार्थ्याला भाडं भरून ३,५८३ मध्ये भागवायचं आहे.

आता यात जात कुठे आली? खोली विचारायला गेलं की पहिला प्रश्न, "पूर्ण नाव काय?" आडनाव कळलं की खोली "कालच गेली" असते. मग शहराच्या कडेला, कॉलेजपासून लांब खोली मिळते आणि रोजचा ऑटो वाढतो. जिथे मिळते तिथे अट असते, "नॉनव्हेज चालणार नाही, अंडंसुद्धा नाही." एकट्या विद्यार्थ्याला परवडेल असं सगळ्यात स्वस्त पौष्टिक अन्न कुठलं? उकडलेलं अंडं. दोन अंडी आणि एक भाकर म्हणजे पोटाला आधार. तेच तुम्ही खोलीतून हद्दपार केलं. पनीर खायची ऐपत नाही, अंडं खायची परवानगी नाही. मग ती मुलगी भात-तिखट खाते आणि रक्त तपासलं की हिमोग्लोबिन कमी निघतं. डॉक्टर सांगतात, "चांगलं खात जा." ही अट घरमालकाच्या आवडीनिवडीची वाटते, पण तिचा भार कुणाच्या ताटावर पडतो ते बघा. आहाराच्या नावानं चाललेली ही अस्पृश्यताच आहे आणि तिची किंमत रुपयांत मोजता येते.

एकट्याचं बजेट एकट्याचं कधीच नसतं

वहीतली तूट १,२१७ रुपयांची होती. ती भरतं कोण? आई भरते. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती २९७ रुपये. म्हणजे तूट भरायला चार दिवसांची मजुरी, तीही काम निघालं तर. निंदणाला गेली तर त्याहून जास्त दिवस. म्हणजे मुलीचं ताट जेवढं कमी पडतं तेवढं आईच्या ताटातून निघतं. मंचावरून आपण मुलीला काटकसर सांगतो, पण ती काटकसर खरी होते गावातल्या घरात.

रेशनचंही तसंच. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी पाच किलो धान्य मिळतं. मुलगी यवतमाळात आणि तिचं नाव गावच्या कार्डावर. घरचे तिच्या वाट्याचे पाच किलो उचलतात आणि पिशवीत घालून एसटीनं पाठवतात. आणि केशरी कार्डवाले शेतकरी? यवतमाळसह शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांत त्यांचं धान्यच बंद झालं. २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये, पुढे १७०. पाच किलोचे १७० म्हणजे किलोला पुन्हा चौतीसच. या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या किलोभर धान्याची आणि त्याच्या लेकीच्या ताटाची सरकारी किंमत एकच आहे.

इथेच आदिवासी मुलांचं शहाणपण कळतं. खानावळीत भाव वाढला तर तो ठेकेदाराचा आणि सरकारचा प्रश्न असतो. खात्यात पैसे दिले की भाव वाढला तर तो मुलाचा प्रश्न होतो. शिवाय खानावळीतलं ताट रोज येतं, खात्यातला हप्ता रोज येत नाही. स्वाधारचा पैसा महिनोन्‌महिने उशिरा येतो ही दरवर्षीची तक्रार आहे. डबेवाल्या बाईला पैसे एक तारखेला लागतात, घरमालकाला डिपॉझिट आधी लागतं. वर्षाच्या शेवटी आलेली रक्कम उधारी फेडायला जाते, जेवायला नाही. मधल्या काळात किराणावाल्याची उधारी, बचत गटाचं कर्ज, आईच्या कानातलं गहाण. ज्या पैशाची तारीख माहीत नाही त्यावर बजेट करता येत नाही, हे मंचावरच्या साहेबांना ठाऊक असायला पाहिजे. त्यांचा स्वतःचा पगार एक दिवस उशिरा झाला तर काय होतं ते त्यांनी आठवावं.

बाबासाहेबांच्या भुकेचा अर्थ

आता मुख्य मुद्दा. "बाबासाहेब उपाशी राहून शिकले." खरं आहे. लंडनमध्ये त्यांनी पोटाला चिमटा घेऊन अभ्यास केला. पण ही गोष्ट अर्धीच का सांगता?

पहिली राहिलेली अर्धी बाजू अशी, की बाबासाहेब 'एकट्याच्या हिमतीवर' लंडनला राहिले नाहीत. कोलंबियाला जाताना सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती. दुसऱ्यांदा लंडनला जाताना शाहू महाराजांची मदत होती, नवल भथेनांसारख्या मित्राचं कर्ज होतं. आणि इकडे मुंबईत रमाई होत्या. त्यांनी तो संसार कसा ओढला, काय काय गमावलं, ते आपल्याला पाठ आहे. बाबासाहेबांच्या उपवासाचा गौरव करताना रमाईच्या उपवासाला आपण त्याग म्हणून हार घालतो आणि पुढे जातो. तोच त्याग आजच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या आईकडून फुकट वसूल करायचा का?

दुसरी राहिलेली बाजू त्याहून मोठी आहे. त्या उपाशी माणसानं परत येऊन काय केलं? "मी उपाशी राहिलो, तुम्हीही राहा" असं सांगितलं? नाही. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं. स्वतःच्या भुकेवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष हा होता की पुढच्या मुलाला भुकेलं राहावं लागू नये. आणि लंडनमध्ये अर्धपोटी राहून त्यांनी लिहिलं काय? १९२३ चा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. रुपयाची किंमत घसरली आणि भाव वाढले की मजुरी मागे राहते, व्यापाऱ्याचा फायदा होतो आणि मजुरी करणाऱ्याच्या खिशातून तो वसूल होतो, हे त्यांनी त्यात मांडलं. गोठवलेली शिष्यवृत्ती आणि वाढलेली महागाई हा नेमका तोच प्रश्न आहे. ज्यांना बाबासाहेबांचा पाव आठवतो त्यांना बाबासाहेबांचा रुपया का आठवत नाही?

आपली सगळी परंपरा बघा. १८७७ च्या दुष्काळात जोतिरावांनी आणि सत्यशोधकांनी धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवलं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातीच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभं राहिलं. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह काढलं आणि लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. गाडगेबाबांनी १९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या हवाली केली. यांच्यातल्या एकानंही भुकेल्या मुलाला "कमी खा" असं सांगितलेलं नाही. प्रत्येकानं चूल पेटवली.

त्याच्याही मागे जाऊ. आळवी गावात तथागत धम्म सांगायला आले. एक शेतकरी हरवलेला बैल शोधून, दिवसभर उपाशी, थकून तिथे पोचला. तथागतांनी प्रवचन थांबवलं, आधी त्याला जेवू घालायला लावलं आणि मग धम्म सांगितला. सहा वर्षं शरीराला छळून बघितल्यावर त्यांनी तो मार्ग सोडला होता, हे आपण दर वैशाख पौर्णिमेला सांगतो. मग उपासमारीचा गौरव आपल्या मंचावर आला कुठून? तो आपला नाही. तो उपासतापासाच्या धर्मातून आला आहे आणि आपण त्याला निळं उपरणं घातलं आहे.

"पण मुलांना काटकसर शिकवायचीच नाही का?"

हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला टाळत नाही. शिकवायची. हिशेबाची वही प्रत्येकाकडे असली पाहिजे. महागड्या मोबाईलचे हप्ते भरणारी मुलंही मी पाहिली आहेत, त्यांना रागावतेही. पण काटकसर म्हणजे कमी खाणं नव्हे. तेवढ्याच पैशात जास्त खाणं ही काटकसर. आणि ती एकट्याला जमत नाही.

पाच मुलींनी एकत्र चूल मांडली तर एकीचा महिन्याचा हिशेब साधारण असा पडतो. धान्य बारा किलो लागतं, त्यातलं पाच किलो रेशनचं. उरलेली सात किलो ज्वारी-गहू ३५ च्या भावानं २४५. तूरडाळ अडीच किलो, १६० नं ४००. तेल पाऊण किलो १००. भाजी रोजची वीस रुपये, ६००. गॅसचा वाटा २००. तिखट-मीठ-चहा-साखर २५०. पंधरा अंडी १०५. बेरीज १,९००. दोन वेळचं पोटभर वरण-भात, भाकर, भाजी, एक दिवसाआड अंडं.

"बघा, दोन हजारांत जमतं ना!" असं म्हणायची घाई करू नका. हे कशामुळे जमलं ते बघा. पाच जणी एकत्र आल्या म्हणून. दुसऱ्या योजनेचं फुकट धान्य मिळालं म्हणून. अंडं शिजवू देणारा घरमालक भेटला म्हणून. रोज दोन तास बिनपगारी राबल्या म्हणून, ते दोन तास अभ्यासातून गेले. आणि एक तारखेला डाळ-तेल घ्यायला हातात रोख होती म्हणून. यातली एक गोष्ट सुटली की गणित कोसळतं. काटकसर हा एकट्याच्या स्वभावाचा गुण नाही, ती संघटनेची ताकद आहे. बाबासाहेबांचं 'संघटित व्हा' स्वयंपाकघरालाही लागू आहे.

मग करायचं काय?

सरकारकडे तीन मागण्या. एक, यवतमाळच्या पातळीवर स्वाधारची रक्कम किमान ६४,५०० करा आणि त्याच प्रमाणात सगळ्या पातळ्यांवर वाढवा. आदिवासींची स्वयम् आणि ओबीसी-भटक्यांची आधार योजना अशाच पायऱ्यांवर आहे, म्हणून ही लढाई आपल्या एकट्याची नाही. कोलाम, गोंड, बंजारा, कुणबी, तेली सगळ्यांच्या मुलांची आहे. दोन, ती रक्कम महागाई भत्त्याला जोडा. कर्मचाऱ्यांचा भत्ता वाढला की त्याच टक्क्यानं विद्यार्थ्याचा वाढेल, दरवेळी मोर्चा काढायला लागू नये. तीन, हप्ता महिन्याला द्या, आणि शक्य तिथे पैशाऐवजी वसतिगृहाची खानावळ बाहेरच्या स्वाधार विद्यार्थ्यांनाही खुली करा. ही भीक नाही. अनुसूचित जातींच्या शैक्षणिक आणि आर्थिक हिताची विशेष काळजी राज्यानं घ्यावी असं संविधानाचं कलम ४६ सांगतं, आणि अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा त्याचसाठी आहे.

आपल्याकडून चार कामं. प्रत्येक शहरातल्या विहाराच्या मागच्या खोलीत सामूहिक चूल सुरू करा. विहार सकाळ-संध्याकाळ वंदनेला उघडतं, बाकी वेळ कुलूप. पातेली आहेत, जागा आहे, पाणी आहे. १४ एप्रिलच्या एका रात्रीच्या डीजेचं भाडं आणि वीस मुलांच्या महिन्याच्या डाळ-तेलाचा खर्च आपापल्या वस्तीत एकदा शेजारी मांडा, मग काय ते ठरवा. या चुलीवर मुलंही भाकरी थापतील, मुलींनीच थापायच्या नाहीत, हा पहिला नियम. दुसरं काम, एक तारखेचा निधी. नोकरदारांनी दरमहा ठराविक रक्कम टाकायची, हप्ता येईपर्यंत विद्यार्थ्याला बिनव्याजी द्यायची, हप्ता आला की परत घ्यायची. दान नको, फिरता निधी हवा. तिसरं, रेशनची पोर्टेबिलिटी. आधार जोडलेलं असेल तर कार्डावरचा सदस्य गावाबाहेरच्या रेशन दुकानातूनही आपला वाटा उचलू शकतो आणि उरलेलं घरचे गावात उचलू शकतात. काही दुकानदार टाळाटाळ करतात. एकट्या मुलीला टाळतात, दहा कार्यकर्ते सोबत गेले की अंगठा लागतो. चौथं, घर असलेल्या आपल्या माणसांनी खोली आपल्या मुलांना द्यावी, बाजारभावानं द्या पण अंड्यावर बंदी न घालता द्या.

आणि प्रत्येक विद्यार्थ्याला एक काम. उद्यापासून वही ठेवा. रोजचा खर्च, तारखेसह, आणि ज्या वेळी जेवला नाहीत तेही लिहा. पैशाची तूट आणि जेवणाची तूट दोन्ही. अशा पाचशे वह्या सोळाही तालुक्यांतून गोळा झाल्या की आपल्याकडे यवतमाळच्या विद्यार्थ्यांचं स्वतःचं सर्वेक्षण तयार होईल. ते घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयावर जाऊ आणि शिवभोजनाच्या थाळीचा सरकारी दर, महागाई भत्त्याचा आदेश आणि आपल्या वह्या एकाच टेबलावर ठेवू.

पुढच्या सत्काराला शाल-गुलाबपुष्प स्वीकारा, संविधान आदरानं घ्या. पण मंचावरून कुणी "काटकसर करा" म्हणालं, तर नम्रपणे उभे राहा आणि विचारा, "सर, चौतीस रुपयांत आज दुपारी आमच्यासोबत जेवता का?"

जय भीम, नमो बुद्धाय.